यथा प्रजा तथा राजा : मतदाराच्या जबाबदारीचा ऐतिहासिक विचार

‘यथा राजा तथा प्रजा’ हे वचन आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. राजा नीतिमान तर प्रजा नीतिमान, राजा लोभी तर प्रजाही लोभी, असा त्याचा भावार्थ. आणि राजेशाहीच्या काळी तो बव्हंशी खराही होता. परंतु २६ जानेवारी १९५० रोजी भारताची राज्यघटना अमलात आली आणि या वचनातील दोन शब्दांनी आपापल्या जागा बदलल्या. आता राजा प्रजेने निवडावयाचा आहे. जशी प्रजा तसा राजा, हा आता उपदेश राहिलेला नसून व्यवहार झाला आहे.

तथापि आपली बोलण्याची सवय मात्र जुनीच राहिली. लग्नकार्यात, देवळाच्या ओट्यावर, मंडळाच्या सभेनंतरच्या चहापानात राजकारणाचा विषय निघाला की पुढाऱ्यांच्या अधःपाताचे वर्णन रंगते. वर्णन बहुधा खोटे नसते. परंतु त्या मंडळींस तेथवर पाठविले कोणी, हा प्रश्न कोणी विचारला की बैठक हळूहळू मोडते. याच प्रश्नाचा इतिहासाच्या साह्याने थोडा विचार करावा, असा आमचा हेतू आहे. ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत हा विषय कशासाठी, असे काही वाचकांस वाटेल. त्याचे उत्तर लेखाच्या ओघात मिळेलच. तूर्त एवढेच सांगतो, की निवडणुकीच्या दिवसांत उमेदवार मतदारांची मोजणी करावयास बसतो तेव्हा तो माणसे मोजीत नाही, ज्ञाती मोजतो. आणि त्या मोजणीसाठी त्याची पावले प्रथम आपल्यासारख्या संस्थांकडेच वळतात.

सडबरीचा धडा

लोकसभेची पद्धती आपण ज्या इंग्लंडकडून बहुतांशी घेतली, तेथील मतदार मुळापासून शुद्ध होता, असा एक गोड समज आपल्याकडे आहे. वस्तुस्थिती फार वेगळी आहे. १८३२ च्या सुधारणेच्या कायद्यापूर्वी ओल्ड सॅरम या जवळजवळ ओसाड पडलेल्या जागेतून पार्लमेंटात दोन सभासद जात असत. १८३२ मध्ये असली ठिकाणे रद्द झाली आणि मध्यमवर्गास मताधिकार मिळाला. पण मतदान पूर्वीसारखेच उघड्यावर चाले. मतदाराने मंचासमोर उभे राहून, जमीनदार, मालक, सावकार व शेजारी यांच्या देखत, आपले मत मोठ्याने सांगावयाचे. कोणी कोणास मत दिले याची पुस्तके छापली जात व विकलीही जात. अशा स्थितीत गरिबाचे मत भीतीपोटी जाई, आणि जेथे भीती नसे तेथे ते पैशापोटी जाई.

या बाजाराचे एक उदाहरण हिंदुस्थानशी, किंबहुना मराठ्यांच्या इतिहासाशी दूरचा संबंध असलेले आहे. मेरठजवळील सरधन्याची बेगम समरू आपल्या इतिहासवाचकांस ठाऊक आहे; असईच्या लढाईत (१८०३) तिच्या पलटणी शिंद्यांच्या बाजूस होत्या. १८३६ मध्ये ती वारली आणि तिची अपार संपत्ती तिने वारस म्हणून वाढविलेल्या डेव्हिड ऑक्टरलोनी डाइस सोम्बर याच्या हाती आली. तो इंग्लंडात गेला आणि १८४१ मध्ये सफोक परगण्यातील सडबरी या गावातून पार्लमेंटात निवडून आला. आशियाई रक्ताचा तो पहिला सभासद मानला जातो. परंतु या गोष्टीचा अभिमान बाळगावा, असे तिच्यात काही नाही. ती निवडणूक लाचेच्या जोरावर झाली, असे चौकशीत ठरले व १८४२ मध्ये त्याची निवड रद्द झाली.

यापुढे पार्लमेंटाने जे केले ते आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. सभासद काढून टाकला, एवढ्यावर प्रकरण मिटले नाही. १८४४ मध्ये कायदा करून सडबरी गावाचा प्रतिनिधी पाठविण्याचा हक्कच काढून घेण्यात आला. देणारा जितका दोषी तितकाच घेणाराही दोषी, हे तत्त्व येथे एका अख्ख्या गावावर लागू झाले. १८५२ मध्ये सेंट ऑल्बन्सची, १८७० मध्ये बेव्हर्ली व ब्रिजवॉटर या गावांची हीच गत झाली. बेव्हर्लीतून १८६८ मध्ये प्रसिद्ध कादंबरीकार अँथनी ट्रॉलप उभा होता व पडला. तेथील बाजार त्याने जवळून पाहिला. या शिक्षेत अन्यायही होता, हे मान्य केले पाहिजे. कारण ज्यांनी एक पैही घेतली नव्हती त्यांचाही हक्क गेला. पण म्हणूनच त्यातील बोध अधिक तीव्र आहे. गावातील प्रामाणिक माणसे गप्प राहिली, तर अप्रामाणिकांच्या कर्माचे फळ त्यांनाही भोगावे लागते.

मत ही मिळकत की ठेव?

त्या काळात इंग्लंडात एक मूलगामी वाद झाला. मताचा हक्क ही मतदाराची खाजगी मिळकत आहे काय? मिळकत असेल, तर ती विकण्यास हरकत कोणती? जॉन स्टुअर्ट मिल या तत्त्वज्ञाने त्यास उत्तर दिले, की मत ही मिळकत नव्हे, ती समाजाने विश्वासाने सोपविलेली ठेव आहे. तिचा उपयोग ज्याने त्याने स्वतःच्या लाभासाठी करावयाचा नसून सर्वांच्या हितासाठी करावयाचा आहे. १८६५ मध्ये वेस्टमिन्स्टर मतदारसंघातून स्वतः उभा राहताना त्याने आपल्या निवडीसाठी पैसा खर्च करण्यास नकार दिला, आणि तरीही तो निवडून आला. तीन वर्षांनी मात्र त्याच मतदारसंघाने त्यास पाडले. मतदारांची परीक्षा एकदाच घेऊन भागत नाही, हे यावरून दिसते.

मिलचा गुप्त मतदानास विरोध होता. ठेव सांभाळणाऱ्याने हिशेब उघड दिला पाहिजे, असे त्याचे म्हणणे. तत्त्व म्हणून ते उदात्त होते. परंतु ज्याची भाकरी दुसऱ्याच्या हाती आहे, त्याला उघड हिशेब देणे किती महाग पडते हे त्यात ध्यानात घेतलेले नव्हते. अखेर १८७२ मध्ये गुप्त मतदानाचा कायदा झाला आणि त्याच वर्षी १५ ऑगस्ट रोजी पाँटेफ्रॅक्ट येथील पोटनिवडणुकीत तो प्रथम अमलात आला. ते गाव ज्येष्ठमधाच्या वड्यांसाठी प्रसिद्ध; मतपेटीवरील लाखेवर त्या वड्यांचाच शिक्का उमटविला होता.

गुप्त मतदानाने भीती पुष्कळ कमी झाली. लोभ मात्र गेला नाही. उलट दोन्ही बाजूंकडून पैसे घेऊन मनास येईल तसे मत देण्याची नवी सोय झाली! १८८० च्या निवडणुकीनंतरच्या चौकशांत मॅकल्सफील्ड व सँडविच येथे लाचेचे इतके प्रकार उघड झाले, की तीही गावे पुढे प्रतिनिधित्वास मुकली. तेव्हा १८८३ मध्ये आणखी कडक कायदा आला. उमेदवाराच्या खर्चावर मर्यादा पडली, प्रत्येक खर्चाचा हिशेब सक्तीचा झाला, भाड्याच्या गाड्या व पगारी प्रचारक यांस आळा बसला, आणि लाचेबद्दल तुरुंग ठरला. १८८५ च्या निवडणुकीत मतदार पुष्कळ वाढले असूनही खर्च मात्र आधीच्यापेक्षा उतरला.

या बदलाचे फळ आपल्याही एका वंदनीय पुरुषाच्या वाट्यास आले. १८९२ मध्ये दादाभाई नौरोजी लंडनच्या सेंट्रल फिन्सबरी मतदारसंघातून पार्लमेंटात निवडून आले. त्यापूर्वी १८८६ मध्ये ते होबर्न येथे पराभूत झाले होते; आणि पंतप्रधान लॉर्ड सॉल्झबरी यांनी १८८८ मध्ये, इंग्रज मतदार ‘काळ्या माणसा’स निवडून देतील असे वाटत नाही, या अर्थाचे उद्गार काढले होते. ते त्या मतदारांनी खोटे पाडले. मताधिक्य एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते, हे खरे. पण ते कमावलेले होते. एक्कावन्न वर्षांपूर्वी सडबरीने हिंदी पैसा पाहून मत दिले होते, फिन्सबरीने हिंदी माणूस पाहून दिले. मधल्या काळात बदलला तो कायदा आणि त्याच्या आधाराने मतदार.

यावरून आमचा पहिला निष्कर्ष असा, की ‘आधी मतदार सुधारा’ आणि ‘आधी कायदा सुधारा’ हा वाद व्यर्थ आहे. कायद्याचे छत्र नसेल तर गरीब मतदारास सद्‌गुण परवडत नाही. आणि मतदाराचे मन तयार नसेल तर कायद्याला पळवाटा फुटतात.

आपल्या देशातील मतदार

आपल्याकडे मताधिकार थेंबाथेंबाने आला. १९१९ च्या सुधारणांनी तो सारा, कर व मिळकत यांच्या अटींवर थोड्यांस मिळाला. १९३५ च्या कायद्याने मतदारांची संख्या सुमारे साडेतीन कोटींवर गेली, तरी बहुसंख्य प्रौढ बाहेरच राहिले. येथे एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. निवडणुकीतील लाचेचा गुन्हा आपल्या दंडसंहितेत १९२० मध्येच घालण्यात आला, आणि त्यात देणारा व घेणारा असे दोघेही अपराधी ठरविले आहेत. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेनेही तीच तरतूद कायम ठेविली आहे. म्हणजे पाकीट घेणारा मतदार हा बिचारा बळी नसून कायद्याच्या दृष्टीने गुन्हेगार आहे. शंभर वर्षांहून जुन्या या कलमाची आठवण आपल्या किती घरांत आहे?

स्वातंत्र्यानंतर घटनाकारांनी सर्व प्रौढ स्त्रीपुरुषांस एकदम मताधिकार दिला. पहिली सार्वत्रिक निवडणूक ऑक्टोबर १९५१ ते फेब्रुवारी १९५२ या काळात झाली. मतदार सतरा कोटींहून अधिक. त्यांतील बहुसंख्यांस अक्षरओळख नाही. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी प्रत्येक उमेदवाराची निराळी पेटी व तिच्यावर चिन्ह, अशी योजना केली. यादी करताना एक विलक्षण अडचण आली. अनेक स्त्रियांनी स्वतःचे नाव सांगितले नाही. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढीच त्यांनी आपली ओळख दिली. सेन यांनी अशी नोंद नाकारली व सुमारे अठ्ठावीस लाख स्त्रियांची नावे यादीतून गळाली. निर्णय कठोर होता. परंतु त्यामागील तत्त्व असे, की मत हे घराचे नसते, माणसाचे असते, आणि त्या माणसास स्वतःचे नाव असावयास हवे. पुढे २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत देशातील स्त्रियांच्या मतदानाचे प्रमाण पुरुषांहून किंचित अधिक झाले. मतदार बदलतच नाहीत असे म्हणणाऱ्यांस हे एकच उदाहरण पुरे आहे.

अज्ञान हाच सर्व दोषांचा उगम, असे सुशिक्षितांस वाटते. तेही इतिहासाच्या कसोटीस उतरत नाही. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवर हल्ला झाला, तेव्हा गेटवेपाशी हजारो सुशिक्षित नागरिक मेणबत्त्या घेऊन जमले व त्यांनी राज्यकर्त्यांचा धिक्कार केला. अवघ्या पाचसहा महिन्यांनी, २००९ च्या लोकसभा निवडणुकीत, त्याच दक्षिण मुंबईत शंभरांतील सुमारे चाळीसच मतदार मतदानास गेले. पाकीट घेणारा आपले मत विकतो. घरी बसणारा ते फुकट टाकतो. दोहोंत डावेउजवे कसे करावे?

सडबरीची पुनरावृत्ती तर आपल्या महाराष्ट्रातच झाली. जानेवारी २०२१ च्या ग्रामपंचायत निवडणुकांच्या वेळी नाशिक जिल्ह्यातील उमराणे व नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी येथे पदांचा लिलाव झाल्याचे आढळले, आणि राज्य निवडणूक आयोगाने त्या दोन्ही निवडणुका रद्द केल्या. लिलावाचा पैसा गावच्या देवळासारख्या सार्वजनिक कामास जातो, मग त्यात वाईट ते काय, असा युक्तिवाद अशा वेळी केला जातो. वाईट हे, की ज्याच्यापाशी पैसा नाही त्या गावकऱ्यास उभे राहण्याचा हक्कच उरत नाही, आणि ज्याने पैसा ओतला तो तो वसूल केल्यावाचून राहत नाही. देवाच्या नावाने झाला म्हणून सौदा पवित्र होत नाही.

ज्ञाती आणि मत

आता ज्या प्रश्नासाठी आम्ही ही लेखणी उचलली, त्याकडे वळू. पैशाचा लोभ निंद्य, हे कोणीही मान्य करील. परंतु ‘आपला माणूस’ म्हणून दिलेल्या मताविषयी काय?

येथे घाईने निवाडा करू नये. ज्ञातींस राजकारणात स्थान मिळाले ते निव्वळ स्वार्थातून नव्हे. १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे साक्ष देताना तरुण भीमराव आंबेडकरांनी दाखवून दिले होते, की जेथे समाजात ज्ञातींची कुंपणे आहेत तेथे बहिष्कृतांचे दुःख इतरांच्या प्रतिनिधीस कळत नाही. म्हणून त्यांस स्वतःचे प्रतिनिधी हवेत. विठ्ठल रामजी शिंदे यांच्यासारखे सुधारकही त्या काळी याच प्रश्नाशी झगडत होते. १९१९ च्या सुधारणांखाली मुंबई इलाख्यात मराठा व तत्सम ज्ञातींसाठी ७ जागा राखून ठेवण्यात आल्या होत्या. ज्यांच्यासाठी दार बंद होते त्यांनी एकत्र येऊन ते ठोठावणे, यात कमीपणा नाही.

परंतु दार ठोठावणे निराळे आणि आत गेलेल्या प्रत्येकाचे पाप झाकणे निराळे. प्रतिनिधित्वाची मागणी ही न्यायाची मागणी होती. ‘चोर असला तरी आपला’ ही त्या न्यायाचीच विटंबना आहे. ज्या आंबेडकरांनी १९१९ मध्ये प्रतिनिधित्व मागितले, त्यांनीच २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीतील आपल्या प्रसिद्ध भाषणात, मिलचा आधार घेऊन, बजावले की धर्मात भक्ती आत्म्यास तारील, पण राजकारणातील भक्ती अधःपाताकडे व अखेर हुकूमशाहीकडे नेते. या दोन भूमिकांत विरोध नाही. पहिलीत प्रतिनिधी मिळविण्याचा हक्क आहे, दुसरीत प्रतिनिधीस जाब विचारण्याचे कर्तव्य.

ज्ञातीच्या पलीकडे मतदार जाऊ शकतो, याचा पुरावा आपल्याच इतिहासात आहे. १९५७ च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर मुंबईत व पश्चिम महाराष्ट्रात नाना ज्ञातींच्या, नाना पक्षांच्या मतदारांनी एकत्र येऊन संयुक्त महाराष्ट्र समितीस भरघोस मते दिली. कामगारांनी, शेतकऱ्यांनी, पांढरपेशांनी उमेदवाराचे आडनाव नव्हे, त्याची भूमिका पाहिली. त्या दणक्यानंतर तीन वर्षांत, १ मे १९६० रोजी, महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले. ज्यास आपण मतदाराचा स्वभाव म्हणतो, ती पुष्कळदा नुसती सवय असते. आणि पुरेसे मोठे कार्य समोर आले की सवय सुटते.

कायदाही येथे मौन नाही. ज्ञातीच्या नावाने मत मागणे हा १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणे भ्रष्ट आचार आहे. आणि २ जानेवारी २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी, चार विरुद्ध तीन अशा बहुमताने, असा निर्णय दिला, की हा निषेध उमेदवाराच्याच नव्हे, तर मतदाराच्या ज्ञातीच्या नावाने केलेल्या आवाहनासही लागू आहे. २००३ पासून प्रत्येक उमेदवाराच्या मिळकतीची व त्याच्यावरील खटल्यांची माहिती शपथपत्राने जाहीर होते. २०१३ पासून ‘वरीलपैकी कोणीही नाही’ असे सांगण्याचीही सोय आहे. मतदारास माहिती नव्हती, मार्ग नव्हता, या दोन्ही सबबी आता उरलेल्या नाहीत.

संस्थेने काय करावे?

मग ज्ञातिसंस्थांनी राजकारणापासून दूर राहावे काय? आमचे मत तसे नाही. शिष्यवृत्ती, वसतिगृहे, वधुवर-मेळावे यांच्याइतकेच मतदाराचे शिक्षण हे संस्थेचे कार्य आहे. फक्त त्याची दिशा बदलावयास हवी.

संस्थेच्या नावाने कोणत्याही उमेदवारास पाठिंब्याचे पत्रक निघू नये. कारण ते काढणारी दहा माणसे हजारो कुटुंबांची ठेव त्यांस न विचारता दुसऱ्याच्या स्वाधीन करतात. निवडणुकीच्या तोंडावर सभागृहास, समाजमंदिरास, भांड्यांच्या संचास येणारी देणगी विनयाने परत करावी. पाकीट एका घराचे असते, ही देणगी साऱ्या ज्ञातीचे पाकीट असते. उलट सभागृह सर्व उमेदवारांस सारखेच खुले करावे, आणि तेथे आपल्या ज्ञातीचे काय करणार असे न विचारता आमच्या भागातील शाळा, पाणी, दवाखाना यांचे काय केले, असे विचारावे. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या मुलामुलींची, सासरी आलेल्या सुनांची व स्थलांतर केलेल्या कुटुंबांची नावे यादीत आहेत की नाहीत, हे तरुण मंडळाने घरोघर जाऊन पाहावे. शपथपत्रांतील माहिती मराठीत सोप्या शब्दांत फलकावर लावावी. आणि निवडणूक संपल्यावर काम संपले असे न मानता, निवडून आलेल्या सभासदास, मग तो आपल्या ज्ञातीचा असला तरी, वर्षातून एकदा जाब देण्यास बोलवावे. आपल्या ज्ञातीचा असला तर अधिकच अगत्याने बोलवावे.

एक गोष्ट अखेरीस कुटुंबप्रमुखांस सांगावीशी वाटते. पुष्कळ घरांत अजूनही ‘आपल्या घरची मते’ असा हिशेब होतो. ज्या अठ्ठावीस लाख स्त्रियांनी आपले नाव सांगितले नाही, त्यांच्या नाती-पणती आज नावानिशी मतदानास जातात; त्यांचे मतही त्यांचेच असू द्यावे. घरात उमेदवारांविषयी मोकळी चर्चा होऊ द्यावी, वडीलधाऱ्यांनी आपले मत कारणांसह सांगावे, पण आज्ञा करू नये. जे मूल घरात कारण विचारण्यास शिकते, तेच पुढे सभागृहात जाब विचारते.

लोकहितवादींनी ‘शतपत्रां’त (१८४८–५०) परक्या राज्यकर्त्यांस दूषणे देण्याआधी आपल्याच लोकांच्या आळसास व अज्ञानास प्रश्न विचारले. ते त्या काळी अनेकांस रुचले नाहीत. आज राज्यकर्ते परके नाहीत. ते आपणच निवडलेले आहेत. म्हणून त्यांच्याविषयीचे प्रश्न आपल्यापर्यंत येऊन पोहोचणारच. पुढारी बदलले पाहिजेत, यात शंका नाही. पण त्यांस बदलण्याचे एकमेव सनदशीर साधन आपल्या बोटाशी आहे, आणि ते बोट कोणाच्या सांगण्यावरून, कोणत्या मोबदल्यात व कोणत्या आडनावाकडे पाहून वळते, हे सर्वस्वी आपल्या हाती आहे. येत्या निवडणुकीत ज्ञातीची किती मते, हा हिशेब इतरांस करू द्या. आपल्या ज्ञातीत विचार करून मत देणारे किती, हा हिशेब आपण ठेवू या.